दातांचं सोडा, डिग्री मात्र सोडू देऊ नका

साताऱ्याहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. बीबीसीवर निसर्गाच्या मालिका सादर करणाऱ्या डेव्हिड अ‍ॅटनबरोंच्या मालिकांची तो पारायणं करतो आणि रात्री आरशापुढे उभा राहून त्यांच्यासारखं कुजबुजत इंग्रजी बोलतो. आता त्याला कॉलेज सोडून पुण्यात निवेदनाचा एक वर्षाचा कोर्स करायचा आहे. फी अडीच लाख. ‘माझे मिस्टर विचारतात, हा अ‍ॅटनबरो कोण? मला एवढंच विचारायचंय, यात पोट भरतं का? शिवाय याचे दात थोडे पुढे आहेत, आवाजही बारीक. टीव्हीवर याला घेणार कोण?’

ताई, नमस्कार.

आधी दातांचं सांगते. तरुण अ‍ॅटनबरो बीबीसीत शिकाऊ म्हणून आले, तेव्हा त्यांच्या वरिष्ठ मेरी अ‍ॅडम्स यांनी त्यांना कॅमेऱ्यासमोर आणू नका असं सुचवलं होतं. कारण? दात फार मोठे. त्यामुळे पुढची दोन वर्षं हा माणूस पडद्यामागेच निर्माता म्हणून राबत होता. तेव्हा दातांची चिंता आजपासून बंद.

तुमच्या मिस्टरांना सांगा, ज्या ‘गांधी’ सिनेमात रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या आणि ज्याच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैयांना ऑस्कर मिळालं, तो ज्यांनी काढला त्या रिचर्ड अ‍ॅटनबरोंचे हे धाकटे भाऊ. जन्म ८ मे १९२६. वडील लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य. तिथल्या प्राणिशास्त्र विभागाला न्यूट हवे आहेत, असं लहानग्या डेव्हिडच्या कानावर आलं. न्यूट म्हणजे पालीसारखे दिसणारे, बेडकांच्या गोतावळ्यातले जीव. यांनी ते वडिलांमार्फत ३ पेन्सला एक या भावाने पुरवले. ते सापडत कुठे, तर त्याच विभागाला लागून असलेल्या तळ्यात! हा किस्सा मला फार आवडतो. या पोराला न्यूट कुठे राहतो हे ठाऊक होतं, विभागाला नव्हतं.

तुमच्या मुलाचा सगळा घोटाळा इथेच आहे. त्याला आवाज दिसतो, आवाजाखालचं तळं दिसत नाही. अ‍ॅटनबरो केंब्रिजला भूगर्भशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकले, मग नौदलात सक्तीची सेवा झाली, मग एका प्रकाशनसंस्थेत शाळकरी मुलांची विज्ञानाची पुस्तकं तपासायची नोकरी. १९५० साली बीबीसी रेडिओत अर्ज केला, तो नाकारला गेला. पण तोच अर्ज मेरी अ‍ॅडम्सबाईंच्या नजरेस पडला आणि टेलिव्हिजनच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. त्यांच्या घरी तेव्हा टीव्हीसुद्धा नव्हता, आणि आयुष्यात त्यांनी एकच कार्यक्रम पाहिलेला होता.

कॅमेऱ्यासमोर ते आले ते १९५४ मध्ये, तेही अडचणीमुळे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले सरपटणाऱ्या प्राण्यांचे तज्ज्ञ जॅक लेस्टर एक मालिका सादर करत होते. ते आजारी पडले. मालिकेचा निर्माता, म्हणजे अ‍ॅटनबरो, सगळ्या प्रवासात बरोबर होता, त्याला विषय पाठ होता, म्हणून त्यालाच उभं केलं. निवेदनाच्या कोर्सचा इथे कुठेच पत्ता नाही.

रवांडातला गोरिलांचा तो प्रसंग तुमच्या मुलाने शंभरदा बघितला असेल. ‘लाइफ ऑन अर्थ’ या १३ भागांच्या मालिकेतला, जी १९७९ मध्ये दाखवली गेली. त्याला विचारा, तिथे अ‍ॅटनबरो काय बोलायला गेले होते? अंगठ्याबद्दल. माकडांच्या आणि आपल्या हाताचा अंगठा बोटांना टेकतो, याचं महत्त्व सांगायचं होतं. गोरिला इतके जवळ आले की ठरलेलं बाजूला राहिलं, आणि ते हळू आवाजात वेगळंच, सुचेल तसं बोलले. अशा वेळी आरशापुढची तालीम कामाला येत नाही.

‘त्यांनी पण मोठी नोकरी सोडलीच की’ असं तो म्हणतो, हे तुम्ही लिहिलंय. सोडली, खरं आहे. १९६५ मध्ये ते बीबीसी टू वाहिनीचे प्रमुख झाले. १९६७ मध्ये याच वाहिनीवर ब्रिटनमध्ये रंगीत प्रसारण सुरू झालं. पुढे बीबीसीच्या दोन्ही वाहिन्यांचे कार्यक्रम त्यांच्या हाताखाली आले आणि १९७३ च्या सुरुवातीला खुर्ची सोडून ते पुन्हा कार्यक्रम करायला निघाले. पण तेव्हा वय ४६ आणि गाठीला वीस वर्षांचं काम. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी एकदा पक्की नोकरी सोडली होती. ती कशासाठी? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मानववंशशास्त्र शिकायला! (तो अभ्यासक्रम पुरा झाला नाही, मध्येच वाहिनीचं प्रमुखपद आलं. चिरंजीव हे लगेच दाखवून देतील, तयार राहा.)

एक गोष्ट मात्र त्याच्यापासून लपवू नका. प्राचार्यांचा मुलगा, केंब्रिज, आणि टीव्ही नुकता रांगत असलेला काळ, हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. आपल्याकडे निसर्गपटांत पडद्यावर दिसणारी माणसं मोजकी आहेत. पोट भरतं ते बहुतेक पडद्यामागे: संशोधन, लेखन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन. तेही कामागणिक पैसे, म्हणजे एखादा महिना भरलेला आणि पुढचे दोन कोरडे. ही तयारी घरातल्या सगळ्यांचीच लागेल.

म्हणून अडीच लाख भरू नका. डिग्री पूर्ण होऊ दे. त्यानंतर वन्यजीवशास्त्राच्या एम.एस्सी.साठी देहरादूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट किंवा बंगळूरचं एनसीबीएस (जीवशास्त्राची संशोधनसंस्था) आहे. प्रवेश अवघड, पण प्रयत्न करण्याजोगे. कॅमेरा आणि संकलन शिकायला पुण्यात एफटीआयआय या चित्रपटसंस्थेचे छोटे अभ्यासक्रम होतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवायला सांगा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला, जिथे बीबीसीचा निसर्गपट विभाग आहे, वन्यजीव चित्रपटनिर्मितीचं एम.ए. होतं. ते स्वप्न म्हणून ठेवायला हरकत नाही, पण कर्ज काढून आत्ता नको.

आणि तोवर? तुमच्या दारात कासचं पठार आहे. पावसाळा सरता सरता तिथे सीतेची आसवं फुलतात. सगळे त्या निळ्या-जांभळ्या फुलांचे फोटो काढतात. ही वनस्पती मांसाहारी आहे, तिच्या मातीतल्या बारीक पिशव्या पापणी लवायच्या आत सूक्ष्म जीव आत ओढून घेतात, हे किती जण सांगतात? कातळावरच्या पातळ, निकस मातीत तिला ही युक्ती का लागली, यावर त्याला तीन मिनिटांची फिल्म करू दे. फोनवर चालेल, ट्रायपॉड आणि कॉलर माइक तेवढा घेऊन द्या. ठरलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही. कुजबुजायचं नाही. आणि बोलायचं आपल्या साताऱ्याच्या मराठीत, त्या बारीक आवाजातच.

झाली की मला पाठवा. बघून दोघांनाही सविस्तर लिहीन.