बंब म्हणजे नुसती पाण्याची टाकी नाही : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आगीच्या बंबांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय.

प्रश्न : आग लागली की बंब येतो, थोड्या वेळात पाणी संपलं म्हणतात आणि दुसरा मागवतात. एवढी मोठी गाडी, मग टाकीच मोठी का नाही बसवत?

हा सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, आणि जागेवर जमलेली गर्दी यावरूनच फायरमनना शिव्या घालते, म्हणून जरा नीट सांगते. एका होजमधून, म्हणजे पाणी मारायच्या नळीतून, मिनिटाला साधारण 400-500 लिटर पाणी जातं. टाकीत 4500 लिटर धरलं आणि दोन होज लावले तर पाचेक मिनिटांत टाकी रिकामी. आता टाकी दुप्पट केली तरी मिळणार अजून पाचच मिनिटं, आणि त्यासाठी काय तर साडेचार टन जादा वजन, ब्रेक उशिरा लागणार, वळणावर कलंडायची भीती, अरुंद रस्त्यात शिरणार नाही ते वेगळंच. त्यात अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट, पाणी आत हिंदकळतं आणि गाडीलाच ढकलतं. त्यासाठी टाकीत आडवे पत्रे बसवलेले असतात, तरी ड्रायव्हरला ते जाणवतंच.

मुळात बंबातली मुख्य वस्तू टाकी नाहीच, पंप आहे. टाकीतलं पाणी सुरुवातीच्या काही मिनिटांसाठी, तोवर हायड्रंट (आगीसाठी ठेवलेला पाण्याचा नळ), तळं, जमिनीखालची टाकी, जे जवळ असेल तिथून लाइन जोडायची. पंप गाडीच्याच इंजिनावर चालतो, इंजिनाची ताकद चाकांऐवजी पंपाला देतात, म्हणून तर उभी गाडी एवढी घरघरते. न्यूयॉर्कने 1965 मध्ये एक सुपर पंपर आणला होता, त्याला बोटी आणि रेल्वे इंजिनांसाठीचं नेपियर डेल्टिक इंजिन लावलं होतं आणि तो मिनिटाला 33 हजार लिटरच्या आसपास पाणी फेकायचा. एवढं पाणी कुठल्या टाकीत मावणार? ते बाहेरूनच घ्यायचं.

अजून एक, "शेजारी विहीर होती तरी वापरली नाही" अशी तक्रार दोघांनी केलीय. पंप नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो, त्यामुळे कितीही भारी पंप आणा, साधारण 10.3 मीटरच्या वर पाणी चढूच शकत नाही, प्रत्यक्षात सात-साडेसात मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. विहीर त्याहून खोल असेल तर पाण्यात सोडायचा वेगळा पंप लागतो. लांबून पाणी आणून द्यायला वॉटर बाउझर असतात, ती मोठी टाकीवाली गाडी तुम्ही म्हणताय तीच, पण तिचं काम पुरवठ्याचं, आगीशी भिडायचं काम पुढच्या गाडीचं.

प्रश्न : मी सहावीत आहे. सगळ्यात उंच शिडी किती उंच असते? शंभर मजल्यांच्या बिल्डिंगला आग लागली तर?

फिनलंडच्या ब्राँटो स्कायलिफ्टची एक गाडी 112 मीटरपर्यंत जाते, म्हणजे पस्तीसेक मजले. तू म्हणतोस त्या बिल्डिंगच्या अर्ध्यापर्यंतसुद्धा नाही! त्यामुळे तिथे बिल्डिंगमध्येच उभे पाइप आणि पंप बसवलेले असतात, खाली बंब त्या पाइपात पाणी ढकलतो आणि फायरमन आतून वर जाऊन तिथे होज जोडतात. पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन, बरं का.

आणि नुसत्या उंचीवर जाऊ नकोस, आडवी किती पोचते तेही बघ. जर्मनीत शिडीच्या गाडीच्या नावातच 23-12 असे आकडे असतात, म्हणजे 12 मीटर लांब उभी राहून 23 मीटर उंचीवरच्या माणसाला काढता येतं. खाली झाडं, तारा, लावलेल्या गाड्या असतात, भिंतीला चिकटून कुठे उभं राहणार? शिवाय गाडीचे चार पाय पसरायला टणक, मोकळी जमीन लागते, आणि तिथेच कोणीतरी कार लावून गेलेलं असतं.

शिडी आणि स्नॉर्कल वेगळे, हेही लिहून ठेव. शिडीवरून माणसं एकामागे एक उतरू शकतात. स्नॉर्कल म्हणजे कोपरासारखा दुमडणारा हात आणि टोकाला पिंजरा, तो शिकागोत 1958 मध्ये आगीसाठी वापरायला लागले.

प्रश्न : काही गाड्यांत पाणीच नसतं, मग त्या येतात कशाला?

माणसं काढायला. रेस्क्यू टेंडरमध्ये पत्रा कापायचे आणि फाकवायचे हायड्रॉलिक कटर, दिवे, जनरेटर, दोर, हवेचे सिलिंडर असतात. अपघातात अडकलेल्या माणसाला पाण्याचा काय उपयोग?

प्रश्न : विमानतळावरचे बंब एवढे अवाढव्य आणि पोपटी-पिवळे का?

कारण तिथे वेळच नसतो. आंतरराष्ट्रीय नियमात धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांत पोचून फोम (आग झाकणारा फेस) सुरू झाला पाहिजे, शक्यतो दोनच मिनिटांत. म्हणून 4500 लिटरहून जास्त पाणी घेणाऱ्या गाडीनेसुद्धा 40 सेकंदांत ताशी 80 किलोमीटरचा वेग गाठला पाहिजे. वर मी वजनाची रड सांगितली, पण इथे ट्रॅफिक नाही, गल्ली नाही, मग मोठी टाकी परवडते. मोठ्यात मोठ्या विमानांसाठी गाड्या मिळून 32,300 लिटर पाणी तयार ठेवावं लागतं. टपावरच्या तोफेतून या गाड्या चालता-चालता फवारा मारतात, साध्या बंबाला बहुतेक वेळा आधी उभं राहावं लागतं.

रंगाचं सोपं आहे, संध्याकाळी लाल रंग लवकर काळपट दिसायला लागतो, पिवळसर हिरवा नाही.

प्रश्न : तेलाच्या आगीवर पाणी का नाही मारत?

पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं, तापून एका लिटरची सतराशे लिटर वाफ होते आणि ती पेटतं तेल उडवते. फोम मात्र गोधडीसारखा वर पसरतो आणि तेलाच्या वाफा दाबून धरतो. जुन्या फोममधली फ्लोरिनची रसायनं मात्र वर्षानुवर्षं माती-पाण्यात राहतात, त्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी ती बदलतायत.

पण तेलविहीर असली तर गोष्टच वेगळी. 1991 मध्ये कुवेतमध्ये सहाशेच्या वर विहिरी पेटल्या होत्या तेव्हा हंगेरीवाल्यांनी जुन्या टी-34 रणगाड्याचा तोफेचा भाग काढून तिथे मिग-21 ची दोन जेट इंजिनं बसवली, त्यांच्या झोतात पाणी सोडायचं आणि ज्वाला अक्षरशः फुंकून टाकायची! असला वेडेपणा मला मनापासून आवडतो.

प्रश्न : दोन्ही बाजूंना तोंड असलेला बंब खरंच असतो?

हो, बोगद्यासाठी. 24 मार्च 1999 ला फ्रान्स आणि इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यात एका ट्रकला आग लागून 39 जण गेले. बोगदा साडेअकरा किलोमीटरचा, धुराने भरलेला. नंतर तिथे दोन्ही टोकांना केबिन असलेले बंब आणले, धुरात गाडी वळवत बसावं लागत नाही, मागच्या केबिनमधूनच चालवत बाहेर यायचं.