सौम्य झटक्यानंतर चालावे की विश्रांती घ्यावी?

प्रश्न : माझे वय ६१ असून मी नाशिकच्या इंदिरानगर भागात राहतो. दोन महिन्यांपूर्वी चहा घेताना उजव्या हातातून कप निसटला आणि जीभ अडखळू लागली. पंधरा-वीस मिनिटांत सर्व पूर्ववत झाले. रुग्णालयात ‘मिनी स्ट्रोक’चे निदान झाले. तेव्हापासून रक्तदाबाच्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत. पूर्वी मी दर रविवारी पांडवलेणी चढत असे. आता डॉक्टर चालायला सांगतात, पण घरचे जिनाही चढू देत नाहीत. व्यायामाने पुन्हा झटका येईल का? आणि आजार मेंदूचा असताना हृदयाच्या इतक्या तपासण्या कशासाठी?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. मिनी स्ट्रोकमध्ये मेंदूतील रक्तवाहिनी काही मिनिटांसाठी बंद करणारी रक्ताची गुठळी बहुधा मेंदूत तयार झालेली नसते. ती मानेच्या रोहिणीत साचलेल्या चरबीच्या थरावरून सुटते किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्यास हृदयातच तयार होऊन वर जाते. म्हणूनच ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि गरजेनुसार चोवीस तासांचा किंवा त्याहून अधिक काळाचा होल्टर (अंगावर यंत्र लावून ठोक्यांची सलग नोंद) करतात. यांपैकी एखादी तपासणी राहिली असेल, तर व्यायाम वाढवण्यापूर्वी ती करून घ्यावी.

घरच्यांची भीती निराधार नाही. अशा झटक्यानंतर मोठ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो आणि पुढचे तीन महिने जपावे लागते. मात्र बसून राहिल्याने हा धोका कमी होत नाही. उलट रक्तदाब, साखर आणि वजन वाढण्यास वाव मिळतो, आणि हृदयविकाराची कारणेही हीच आहेत. त्यामुळे तपासण्या समाधानकारक असतील आणि रक्तदाब आटोक्यात असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे चालणे हा आपल्या उपचाराचाच भाग समजावा.

सुरुवात सपाट जागी करावी. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचे मैदान त्यासाठी उत्तम आहे. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे पुरेत. त्यानंतर दर आठवड्याला काही मिनिटे वाढवत दिवसाला तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, इथवर पोहोचावे. मी नेहमी आधी वेळ आणि मगच वेग वाढवण्याचा आग्रह धरतो. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग योग्य. आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांत बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ ठेवणारे औषध) असेल तर नाडी फारशी वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळातील आकड्यांपेक्षा ही बोलण्याची कसोटी अधिक भरवशाची आहे. शेवटची पाच मिनिटे हळूहळू चालत थांबावे.

पांडवलेणीच्या पायऱ्या सलग चढाच्या आहेत. अर्धा तास सपाट चालणे काही आठवडे सहज जमू लागल्यावर, डॉक्टरांना विचारून आणि कोणाला तरी सोबत घेऊनच तिकडे जावे. घरचा जिना मात्र सावकाश, कठडा धरून चढण्यास सहसा हरकत नसते. श्वास रोखून वजन उचलणे, दीर्घ कुंभक (प्राणायामात श्वास रोखून धरणे) आणि शीर्षासन तूर्त टाळावे, कारण त्यांनी रक्तदाब एकदम चढू शकतो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतील पहाटेच्या गारठ्यातही रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. तेव्हा ऊन पडल्यावर, कानटोपी घालून निघावे.

घरी रक्तदाब मोजून वहीत टिपत जावे. बहुतेक रुग्णांसाठी १३०/८० च्या खाली तो राखण्याचे उद्दिष्ट असते. आकडे चांगले येऊ लागले की अनेकजण परस्पर गोळ्या सोडतात. तसे करू नये. ते आकडे गोळ्यांमुळेही आलेले असतात. तंबाखू असल्यास ती आजच सोडावी आणि लोणचे-पापड कमी करावेत.

छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली तर व्यायाम तत्काळ थांबवावा आणि त्रास न ओसरल्यास रुग्णालय गाठावे. तोंड वाकडे झाले, हात उचलेना किंवा शब्द फुटेनासे झाले, तर लक्षण सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवून लगेच १०८ वर फोन करावा, मग ते पाच मिनिटांत आपोआप ओसरले तरीही. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून ही माहिती घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावी.