दुरंगी डेटजस्ट मोडीत घालण्याआधी

मामांच्या सोनं-स्टीलच्या रोलेक्स डेटजस्ट घड्याळाला नाशिकच्या सराफ बाजारात मोडीचा काय भाव येईल आणि त्याआधी ते उजळून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मोडीत घालू नका आणि उजळू तर मुळीच नका.

पट्टा काढून फोटो टाकलेत ते बरं केलं. बाराच्या बाजूला, दोन लगांच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) मध्ये १६०१३ हा मॉडेलचा आकडा नीट वाचता येतोय. म्हणजे घड्याळ १९७७ नंतरच्या दहा-अकरा वर्षांतलं. आत ३०३५ मशीन. आधीच्या १६०१ या मॉडेलमध्ये तारीख पुढे न्यायची तर काटे गरागरा फिरवत बसावं लागे, यात ती चावीनेच सरकते.

सराफाच्या काट्यावर हे घड्याळ मार खाणारच. सोनं कुठे आहे? बेझलला (काचेभोवतीच्या रिंगला), चावीला आणि पट्ट्याच्या मधल्या कड्यांना. त्यातही त्या काळच्या जुबिली पट्ट्याच्या मधल्या कड्या पोकळ. बाकी सगळं स्टील. सोनंही १४ किंवा १८ कॅरेटचं, आपल्या २२ कॅरेटच्या सवयीला ते हिणकसच वाटणार. पण तो मुलामा नाही. रोलेक्सने १९३३ साली सोनं-स्टीलच्या जोडीसाठी रोलेसॉर हे नाव नोंदवलं तेव्हापासून त्यांच्या दुरंगी घड्याळात सोन्याचा भाग सोन्याचाच असतो. म्हणून एक सांगतो, टंच बघायच्या नावाखाली कोणालाही बेझल कसोटीवर घासू देऊ नका.

आता गंमत कशात आहे ते. हे दोन धातू एकसारखे झिजत नाहीत. स्टीलवर बारीक ओरखडे पडतात, सोनं मऊ असल्याने त्याच्या कडा बोथट होत जातात आणि मिश्रणातल्या तांब्यामुळे कधी कधी त्यावर तांबूस झाकही चढते. भिंग घेऊन बेझलच्या खाचा बघा. मुळात त्या शोभेच्या नव्हत्या, बेझल केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीवर, पिळून घट्ट बसवताना अवजाराला पकड मिळावी म्हणून होत्या. तुमच्या फोटोत त्यांच्या कडा अजून टोकदार आहेत. लगांचा माथा बारीक रेघांचा आणि बाजू आरशासारखी, दोन्हींच्या मधली रेष सरळ. संग्राहक पैसे मोजतो तो या रेषेसाठी. बफच्या चाकावर दोन मिनिटं धरलं की रेष गेली, आणि गेलेला धातू परत येत नाही.

मधे बरीच वर्षं लोकांनी ‘ना धड सोनं ना धड स्टील’ म्हणून या घड्याळांना नाकं मुरडली. आता तीच मंडळी शोधत फिरतात. मला विचाराल तर पांढऱ्या सोन्याच्या बेझलचं १६०१४ त्यापुढे फिकं. हातभर अंतरावरून फरकच कळत नसेल तर सोनं कशाला लावायचं?

पट्ट्याची तपासणी घरीच होईल. घड्याळ कुशीवर आडवं धरा आणि पट्टा हवेत सोडा. तो धनुष्यासारखा खाली वाकला तर कड्यांमधली भोकं झिजली आहेत. घाम आणि धूळ मिळून आत कानशीचं काम करतात. थोडा झोल चालतो, फार असेल तर किंमत पडते.

सगळ्यात जपायची गोष्ट डायल. आपल्याकडे जुन्या डायल रंगवून नव्या करायची खोड फार. सहाच्या खाली ‘टी स्विस टी’ अशी बारीक अक्षरं एका ओळीत, न फुटलेली हवीत. ती ट्रिटियमची, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या ठिपक्यांतल्या द्रव्याची खूण. ट्रिटियमचं तेज साधारण १२ वर्षांत निम्म्यावर येतं, त्यामुळे अंधारात ठिपके लखलखत असतील तर आनंद नको, संशय घ्या.

कागदपत्रं नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. आखातातून नातेवाइकाच्या मनगटावर आलेल्या घड्याळांची पावती कोण जपून ठेवणार? मामांचा ते घातलेला एखादा लग्नातला फोटो मिळाला तर मात्र सोबत ठेवा.

सर्व्हिसिंगला देताना ‘पॉलिश नाही, डायल आणि काटे बदलायचे नाहीत, काढलेला प्रत्येक भाग परत’ हे पावतीवर लिहून घ्या. काच खुशाल बदलू द्या, ती ॲक्रिलिकची आहे, तिचं कौतुक नाही. आणि वॉशर नवे बसेपर्यंत पावसाळ्यात हातात घालून गंगेवर (आपल्या गोदावरीवर) जाऊ नका. ऑयस्टर हे रोलेक्सच्या पाणीरोधक केसचं नाव, पण ते लिहिलंय म्हणून चाळीस वर्षांचं रबर पाणी अडवत नाही.