भावजयीला आजच कळू दे

प्रश्न : माझे बाबा लिव्हरच्या कॅन्सरने गेले. दारूला कधी शिवले नाहीत, तरी ‘लपून घेत असणार’ असं गावात बोललं गेलं. आता रक्तदान शिबिरानंतर धाकट्या भावाला ब्लड बँकेतून फोन आला, रक्तात हेपेटायटिस बी आहे. आईने त्याचं ताट-पेला वेगळा केलाय. भावजयीला सातवा चालू आहे. आई म्हणते, चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत तिला काही बोलू नका. काय करू?
– एक बहीण, डिचोली

उत्तर : ताई, या एका बाबतीत आईचं ऐकू नका. भावजयीची एचबीएसएजी, म्हणजे रक्तात हेपेटायटिस बीचा विषाणू आहे का ते बघणारी तपासणी गरोदरपणात झालेली असू शकते. कार्ड काढून बघा, नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. ती पॉझिटिव्ह निघाली तर जन्मानंतर २४ तासांच्या आत बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन मिळायला हवं, म्हणून डॉक्टरांना आधीच माहीत हवं. जन्मावेळी लागण झालेल्या १० बाळांपैकी साधारण ९ जणांत हा विषाणू कायमचा ठाण मांडतो. मोठेपणी झालेली लागण बहुतेकांचं शरीर स्वतःच परतवतं. निगेटिव्ह निघाली तर तिला गरोदरपणातही लस घेता येते.

सांगायचं मात्र भावाने. असली गोष्ट नणंदेच्या तोंडून कळावी, असं कुठल्या सुनेला वाटेल?

ताटाचं म्हणाल तर ते आजच परत एकत्र करा. बी पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला. जेवणातून नाही. दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश तेवढा वेगळा ठेवा.

बाबांची फाइल घरात असेल तर उघडून बघा. त्यात हेपेटायटिस बी किंवा सी लिहिलेलं सापडलं तर गावाला काय ते उत्तर मिळेल. हे विषाणू लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं गुपचूप राहतात, डोळे पिवळे होतातच असं नाही. पेशी मरतात, नव्या येतात, हळूहळू सिरोसिस होतो, म्हणजे लिव्हर कडक होत जातं, काहींना पुढे कॅन्सर. बी तर सिरोसिसशिवायही कॅन्सर करू शकतो. दारूने धोका वाढतो, पण न पिणाऱ्यालाही तो असतोच.

भावाने गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवावं. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय हेपेटायटिस कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. गोळी लगेच लागेलच असं नाही, ते विषाणूचं प्रमाण आणि लिव्हरचे रिपोर्ट बघून ठरतं. पण घरात हा कॅन्सर झालेला असल्यामुळे दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये, अगदी ठणठणीत वाटत असलं तरी. दारू अजिबात नको, उर्राकच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांतही उर्राक नाही. आणि काविळीचा गावठी पाला कुणी आणून दिला तर हात जोडून परत करा. काही पाल्यांनी लिव्हरच बिघडतं.

एक अवघड गोष्ट. ज्यांनी ताट वेगळं केलं त्या आईंच्याही रक्तात हे असू शकतं. भावाला ते कुठून आलं याचा न्यायनिवाडा घरात मांडू नका, पण आईंची तपासणी कराच. तुम्हीही त्याच घरात जन्मलात, ताई. तुमच्या पत्रात सगळ्यांची काळजी आहे, तुमच्या स्वतःच्या तपासणीचा मात्र शब्द नाही. ती कधी करताय?