कन्नड अर्ज तू भर

पोरी,

मैत्रिणीच्या मुलाला ऑटिझम असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, आता तिच्याशी काय बोलावं कळेना, असं तू लिहिलंयस. फार बोलूच नकोस. बोलणारे तिच्या घरी आधीच जमले असतील. कुणी म्हणेल मुलगे उशिराच बोलतात, कुणी सौंदत्तीला यल्लम्माला नवस बोलायला सांगेल. नवसाच्या मध्ये तू पडू नकोस. पण 'हमखास बरं करतो' म्हणत हजारोंची औषधं गळ्यात मारणारा भेटला, तर मात्र आड ये. ऑटिझम घालवणारं औषध नाही. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतात ती) आणि घरचा रोजचा सराव यांनी मूल पुढे सरकतं. लवकर सुरू झालेलं बरं. लसीमुळे झालं असं कुणी म्हणालं, तर ज्या निबंधातून ही समजूत पसरली तो १९९८चा निबंध छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला, एवढं सांग आणि विषय बदल.

तुझं खरं काम वेगळंच आहे. तिचं माहेर महाराष्ट्रातलं, गडहिंग्लजचं, आणि इथे कर्नाटकात कागद कन्नडात; तिला कन्नड वाचता येत नाही. तू माझ्या वर्गात असताना कन्नडात पहिली यायचीस. आता तिच्यामागे कागदांचा ससेमिरा लागणार. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, म्हणून आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. मग केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना: वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीच्या खर्चालाही तरतूद आहे. अर्ज तू भर, झेरॉक्स तू काढ, सरकारी दवाखान्याच्या रांगेत तिच्यासोबत उभी राहा. 'काही लागलं तर सांग' असं म्हणशील, तर ती कधीच सांगणार नाही. 'मंगळवारी दहाला येते, आधार आणि फोटो काढून ठेव' असं म्हण.

आणखी एक. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी, म्हणून पोर गोंधळलं, मराठी बंद करा, असा सल्ला तिला मिळेलच. मग आई मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागते. (मराठीसाठी एवढी वर्षं भांडणारे आपण सीमाभागातले लोक, इथे मात्र मुकाट्याने मान डोलावतो!) जास्त भाषा कानावर पडल्याने ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. जिच्यात तिला पोराचे लाड करता येतात, तिच्यातच तिने बोलावं. थेरपिस्टने कन्नडात सांगितलेला घरचा सराव तू मराठीत लिहून फ्रिजवर चिकटव.

पोराने हाकेला मान वळवली नाही तर गाल ओढू नकोस. तो गाडीचं चाक फिरवत बसला असेल, तर तूही शेजारी बसून दुसरं चाक फिरव. दिवाळीत तुमच्या गल्लीत किल्ला करताना त्याला बोलवा. मावळे एका रांगेत लावत बसला, तर लावू दे. गणपतीत डॉल्बीचा आवाज त्याला सोसला नाही, तर विसर्जनाच्या रात्री दोघांना तुमच्या मळ्यातल्या घरी आण.

हळदीकुंकवाला तिला बोलवत राहा. दोनदा नाही म्हणाली, तरी तिसऱ्यांदा बोलव. आणि दर वेळी मुलाचंच विचारू नकोस, तिच्या शिवणाचंही विचार.

यूडीआयडीचा अर्ज भरताना नावाचं स्पेलिंग आधारवर असेल तेच घाल. आपली मराठी आडनावं कन्नडातून इंग्रजीत जाताना कशीही होतात, मग दुरुस्तीचे हेलपाटे. जन्मदाखलाही आधी ताडून बघ.

तुझ्या शाळेच्या बाई