पिस्तूल निवडण्याआधी घरातल्या बंदुका मोजा

बांद्याजवळच्या एका काजू बागायतदारांचं पत्र आलं आहे. त्यांच्या नावावर शेती संरक्षणाची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक आहे. वडील आठ महिन्यांपूर्वी वारले, त्यांची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) एकनळी बंदूक माजघरातल्या कपाटात तशीच आहे. हंगामात काजूची रोकड घेऊन तिन्हीसांजेला एकट्याने घरी यावं लागतं. यंदा दोघांनी मोटारसायकल आडवी घातली, म्हणून त्यांना पिस्तूल घ्यायचं आहे. विक्रेत्याने दोन दाखवली: सरकारी कारखान्यात बनलेलं नवं .३२ बोअरचं ‘अशनी’ आणि दुसऱ्या एका परवानाधारकाचं जुनं जर्मन वॉल्थर, ७.६५ मिलिमीटरचं. "शनिवारपर्यंत चाळीस हजार विसार द्या, परवान्याचं मागाहून बघू," असं तो म्हणतो. त्यांचा प्रश्न एवढाच, की दोन्हींतलं कुठलं घेऊ?

विसार देऊ नका. दोन्हींतलं कुठलंही पिस्तूल आज तुमच्या नावावर चढू शकत नाही, आणि त्याचं कारण पिस्तुलात नाही, तुमच्या माजघरातल्या कपाटात आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. त्याआधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच. वारसाहक्काने परवाना देतानाही ही दोनाची मर्यादा ओलांडायची नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. ठासणीची झाली तरी ती अग्निशस्त्रच. म्हणजे तुमची ठासणीची एक, वडिलांची बारा बोअर तुमच्या नावावर केलीत की दोन. पिस्तूल तिसरं होतं.

त्याहून मला जास्त काळजी वाटते ती त्या एकनळीची. वडिलांचा परवाना वडिलांपुरता होता. ते गेल्यावर ती बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला हवी होती, कलम २१ तेच सांगतं. आठ महिने ती घरात आहे आणि तुमच्याकडे तिचा परवाना नाही. तुमच्या मनात काही वाईट नाही हे मी जाणतो, पण पंचनाम्यात मन लिहीत नाहीत. निवडणुकीच्या वेळी ठासणीची जमा करता ना, तसंच करा. या आठवड्यात मृत्यूचा दाखला आणि वडिलांचा मूळ परवाना घेऊन ठाण्यात जा, उशिराचं कारण लेखी द्या, आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. जाताना बंदूक रिकामी, काडतुसं वेगळी. आधी ठाण्यात फोन करून कळवलंत तर उत्तम.

आता जागा कशी मोकळी करायची ते सांगतो. माझं मत विचाराल तर ठासणीची सोडा आणि वडिलांची एकनळी ठेवा. शेती संरक्षणासाठी ठासणीची पुरत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक (बारा बोअर त्यातलीच) देण्याची सोय कलम १३ मध्येच आहे. ओरोसला सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकारी कार्यालयात वारस म्हणून अर्ज करा. सोबत भावंडांची संमतीची प्रतिज्ञापत्रं लागतील. भाऊ मुंबईला असेल तर त्याचं आत्ताच करून घ्या, नाहीतर चतुर्थीला तो येईपर्यंत अर्ज पडून राहील. (आणि बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वन खात्याची, वेगळी.)

मग पिस्तुलाचा स्वतंत्र अर्ज. शेती संरक्षणाचा परवाना त्याला चालणार नाही, इथे तुमच्या जिवाला धोका काय ते दाखवावं लागतं. मोटारसायकल आडवी घातल्याची तक्रार दिली होती का? पत्रात उल्लेख नाही. दिली असेल तर तिची प्रत, हंगामातल्या काजूविक्रीच्या पावत्या, बँकेत रोकड भरल्याच्या नोंदी, हे सगळं जोडा. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. नकार आला तर कारणं लेखी मागा, अपील विभागीय आयुक्तांकडे होतं.

परवाना हातात आला की तुमचा मूळ प्रश्न. मी नवं घ्या म्हणेन. त्यात विक्रेत्याचं बिल, कारखान्याचा क्रमांक आणि तुमचा परवाना, एवढेच कागद जुळवायचे असतात. जुन्या वॉल्थरची भुरळ पडते हे खरं. १९८०च्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी आयात बंद झाली, तेव्हापासून परदेशी पिस्तुलं या हातातून त्या हातात फिरताहेत आणि भाव चढत गेलेत. पण त्याचा मालक खाजगी परवानाधारक आहे. त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला विक्रीचा इरादा लेखी कळवून ४५ दिवस उलटल्याशिवाय ते तुम्हाला देता येत नाही. शनिवारची घाई तिथेच खोटी ठरते.

दुसरं, नळीवरचा शिक्का वाचा. ७.६५ आणि .३२ ऑटो हे एकच काडतूस. वॉल्थरची तीच घडण ९ मिलिमीटर आखूड काडतुसातही निघत असे. ९ लिहिलेलं दिसलं तर ते हातातसुद्धा घेऊ नका. त्या आखूड काडतुसाहून लांब असं सैन्याचं ९ मिलिमीटर काडतूस झाडणारं पिस्तूल बंदी असलेल्या बोअरमध्ये, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या मापात, येतं, आणि विनापरवाना बंदीचं शस्त्र बाळगण्याची शिक्षा ७ ते १४ वर्षं आहे. सापडलेलं पिस्तूल नेमकं कुठल्या काडतुसाचं, हे ठरेपर्यंत तुम्ही कोठडीत असाल.

तिसरं आपल्या हवेचं. देवगडकडच्या एका अशिलाने असंच जुनं पिस्तूल घेतलं होतं. खाऱ्या वाऱ्याने चढलेला गंज आधीच्या मालकाने मिस्त्रीकडून घासून काढला होता. बॅटरीचा उजेड तिरका मारून आम्ही क्रमांक वाचत होतो. शेवटचा आकडा ३ की ८, कळेना. परवान्यावर ८. कलम ८ प्रमाणे क्रमांक पुसलेलं शस्त्र ज्याच्या ताब्यात, त्यानेच तो पुसला असं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं त्याने. ते प्रकरण निस्तरायला फार दिवस गेले. वॉल्थर बघायला गेलातच तर प्रत्येक ठिकाणचा क्रमांक स्वतः वाचून आधीच्या मालकाच्या परवान्याशी ताडून बघा.

एक बांद्याकरांसाठी म्हणून. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते महाराष्ट्रापुरतं असेल तर पिस्तूल कमरेला लावून म्हापशाच्या बाजारात जाता येणार नाही, पत्रादेवीचा नाका ओलांडला की ते विनापरवाना शस्त्र ठरतं. तुमची काजू गोव्यात जात असेल तर अर्जातच तसं लिहून क्षेत्र वाढवून मागा.

विक्रेत्याला आज एवढंच सांगा: परवाना झाला की येतो. ठाण्याची पोच मिळाली की तिची प्रत मला पाठवा, वारसाच्या अर्जाचा मसुदा मी करून देतो.