जुन्या अ‍ॅक्रिलिक टँकचे चरे काढून त्याला ओव्हरफ्लो बसवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ४ फूट लांब, १८ इंच रुंद, २० इंच उंच असा माशांचा जुना अ‍ॅक्रिलिक टँक ओळखीतल्या घरातून स्वस्तात मिळालाय. आतून-बाहेरून चरे आहेत. ते काढून मागच्या बाजूला ओव्हरफ्लो (वरचं जास्तीचं पाणी कडेवरून आत घेऊन खाली सोडणारा डबा) आणि खाली सम्प (त्या पाण्याची फिल्टरची टाकी) करायचाय, पण दुकानदार म्हणतोय, भंगारात द्या आणि काचेचा नवा घ्या.

जोड शाबूत असतील तर भंगारात अजिबात देऊ नका. मी भांडुपला राहतो. जवळपास याच मापाचा टँक मी गेल्या वर्षी घरीच दुरुस्त केला आणि आज तो भरलेला, चालू आहे. चरा पडलेली काच घरी पूर्ववत करणं जवळजवळ अशक्य. अ‍ॅक्रिलिक हे पारदर्शक प्लास्टिक काचेहून मऊ असतं, म्हणून त्याला चरा लवकर पडतो आणि त्याच कारणाने तो घासून काढताही येतो. चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय २०१५ साली नूतनीकरणानंतर उघडलं, तेव्हा तिथे माशांच्या खालून चालत जायचा बोगदा केला होता, तोही अ‍ॅक्रिलिकचाच.

पहिलं काम तपासणीचं. रात्री दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च प्रत्येक जोडावर तिरका धरा. जोडात एखाददुसरा बुडबुडा असला तर चालतो. पण जोडाच्या कडेने चंदेरी पट्टी दिसली, किंवा पृष्ठभागाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या चमकणाऱ्या बारीक रेषा दिसल्या, तर थांबा. या रेषा नखाला लागत नाहीत. तो चरा नाही, ताणामुळे अ‍ॅक्रिलिक आतून तडकायला लागलंय. ते घासून जात नाही आणि अशा टँकवर मी पैसे घालणार नाही. जोड बरे दिसले तर टँक गच्चीवर किंवा अंगणात सपाट प्लायवर ठेवून काठोकाठ भरा आणि तीन-चार दिवस तसाच राहू द्या. पाणी सुमारे २८० लिटर, म्हणजे २८० किलो होईल. गॅलरीत हा प्रयोग करू नका.

आता चरे. सगळे चरे काढायचा हट्ट धरू नका, हे मी कळकळीने सांगतोय. ओल्या बोटाने चऱ्यावर पाणी फिरवा. ओला असताना चरा नाहीसा झाला तर आतल्या बाजूला त्याला हात लावायची गरज नाही. कारण साधं आहे: प्रकाश वाकवण्याचा अंक हवेचा १, पाण्याचा १.३३ आणि अ‍ॅक्रिलिकचा १.४९. चऱ्यात हवा असली की फरक मोठा, म्हणून तो उठून दिसतो. पाणी भरलं की फरक जेमतेम ०.१६ उरतो. बाहेरच्या चऱ्यांना ही सवलत नाही, तिथे मेहनत करावीच लागते.

घासायला रंगारी वापरतात तो वॉटर पेपर घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सगळे नंबर एकत्र मिळतील. नख अडकेल इतका खोल चरा असेल तर ४०० किंवा ६०० पासून सुरुवात, नख अडकत नसेल तर थेट १००० पासून. मग ८००, १०००, १५००, २०००, ३०००. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची: ६०० आडवा चालवला तर ८०० उभा. आडव्या रेषा पूर्ण मिटेपर्यंत पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. इथेच लोक घाई करतात आणि २००० ला पोचल्यावर ६०० च्या रेषा पुन्हा वर येतात. दर नंबरला बादलीतलं पाणी बदला, कपडा बदला, टँक धुऊन घ्या. जाड पेपरचा एक कण मागे राहिला तरी नवा चरा पडतो. पेपर नुसत्या बोटांनी दाबलात तर बोटांचे खड्डे पडतात, म्हणून मी जुन्या रबरी स्लिपरचा तुकडा कापून त्याला पेपर गुंडाळला होता.

चरा दोन इंचांचा असला तरी निदान फूटभर भाग घासा, कडेला जाल तसा दाब हलका करत. फक्त चऱ्यावरच घासत बसलात तर तिथे बशी तयार होते आणि तिच्यातून पाहिलं की मासा वेडावाकडा दिसतो.

आतली बाजू आधी करा. ज्या बाजूवर काम करायचंय ती खाली येईल असा टँक गादीवर आडवा ठेवा. मग तीच बाजू ट्रे होते, थोडं पाणी ओतून आरामात घासता येतं. आत ३००० वर थांबा आणि पॉलिश लावू नका. कोरडं असताना थोडं दुधाळ वाटेल, पाणी भरल्यावर ते जवळजवळ कळत नाही. बाहेर मात्र ३००० नंतर प्लास्टिकसाठीचं पॉलिश मऊ कपड्याने हाताने लावा. ड्रिलला बफ लावणार असाल तर तो एका जागी थांबवू नका, अ‍ॅक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि घर्षणाने तेवढी उष्णता सहज होते. माझी फक्त समोरची बाजू चार संध्याकाळी चालली.

हे सगळं घासकाम भोकं पाडून झाल्यावर करायचं. भोकं पाडताना ड्रिल एकदा घसरलं तर चार संध्याकाळींची मेहनत वाया जाते.

ओव्हरफ्लोचं गणित असं. सम्पमधून ताशी टँकच्या साडेचार-पाच पट पाणी फिरलं तरी पुरतं, म्हणजे तुमच्याकडे १३०० लिटर धरा. ढोबळ हिशेब म्हणजे पाणी पडायच्या कडेच्या दर मोकळ्या इंचाला ताशी २४५ लिटर, म्हणून साडेपाच इंच मोकळी कड हवी. मासे आत जाऊ नयेत म्हणून कडेला दात ठेवणार, ते निम्मी जागा खातात. म्हणून ११ इंच लांबीचा डबा घ्या. १ इंची पाइप एवढं पाणी आरामात खाली नेतो, पण भोकं दोन पाडा, दुसरं आणीबाणीचं. मुख्य भोकाला डब्याच्या आत एल्बो खाली तोंड करून लावा आणि बाहेर बॉल व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह थोडा आवळून पाइप पूर्ण भरून वाहील असा ठेवला की गुडगुड आवाज बंद होतो. दुसऱ्याचा एल्बो वर तोंड करून, तोंड दातांच्या तळापेक्षा खाली. गोगलगाय पहिल्यात अडकली तर पाणी दुसऱ्यातून जाईल, हॉलमध्ये येणार नाही.

डबा बसवायला दुकानदार सिलिकॉन सुचवतील. नको. सिलिकॉन काचेला धरतं, अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही, काही महिन्यांनी साल निघावी तसं सुटतं. दुसरा मार्ग क्लोरोफॉर्म किंवा एमडीसीने (मिथिलीन डायक्लोराइड) चिकटवण्याचा, साइन बोर्डवाले तेच वापरतात. नव्या शीटला ते उत्तम. पण वर्षानुवर्षं पाणी प्यायलेल्या, ताण सोसलेल्या जुन्या टँकला मी ते लावणार नाही, तडकण्याची भीती खरी आहे. शिवाय पावसाळ्याच्या दमट हवेत हा जोड पांढुरका पडतो.

म्हणून डबा चिकटवायचाच नाही, टँक निपलनेच आवळायचा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला प्लंबर लावतो तेच निपल. साइन बोर्डवाल्याकडून ६ मिमी काळ्या कास्ट अ‍ॅक्रिलिक शीटचा, वरून उघडा डबा करून घ्या. लेझरने कापलेल्या कडा जोडण्याआधी घासून घ्यायला सांगा, नाहीतर त्या कडांनाच तडे जातात. डब्याच्या पाठीला आणि टँकच्या पाठीला समोरासमोर भोकं. निपलचं डोकं डब्याच्या आत, त्याखाली रबरी वॉशर, डबा आणि टँक यांच्या मध्ये दुसरा वॉशर, नट बाहेरून. हाताने घट्ट, मग फक्त पाव फेरा.

भोकासाठी निपल आधी विकत घ्या, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा, मग त्या मापाचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) घ्या. भोकाची कड टँकच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी लांब ठेवा आणि वरची आडवी पट्टी मुळीच कापू नका, भरलेला टँक फुगू नये म्हणून ती आहे. मागे लाकडी फळी आवळून बांधा. ड्रिल हळू फिरवा, हॅमर मोड बंद, दोन-तीन सेकंद चालवून उचला, पाणी टाकत राहा. भुसा सुटा, पांढरा निघाला तर ठीक. चिकट गोळा निघाला तर ते वितळतंय, थांबा. अर्ध्यावर थांबून दुसऱ्या बाजूने पूर्ण करा आणि भोकाची कड ४०० च्या पेपरने गुळगुळीत करा. कडेला राहिलेल्या खाचेपासूनच पुढे तडा जातो.

माझी चूक इथे झाली. भोक पाडून झाल्यावर मार्करची खूण पुसायला मी घरातलं सर्जिकल स्पिरिट घेतलं. सकाळी पाहिलं तर भोकाच्या कडेपासून केसासारख्या सात-आठ रेषा सगळीकडे पसरलेल्या. नशिबाने त्या अर्ध्या इंचाच्या आत थांबल्या होत्या. मोठ्या होल सॉने तेवढा भाग काढून मोठं निपल बसवलं. जुन्या भोकात होल सॉला मध्ये धरायला काही नसतं, म्हणून मागे फळी घट्ट बांधून ते करावं लागलं. तेव्हापासून टँकजवळ स्पिरिट, थिनर आणि काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे यांतलं काहीही आणत नाही. साधं पाणी आणि सुती कपडा पुरतो. मार्करऐवजी मास्किंग टेपवर पेन्सिलने खूण करा.

शेवटी मासे सोडण्याआधी पंप चालू असताना त्याचा प्लग काढा. पाण्याची पातळी दातांपर्यंत उतरेल. ३ सेंमी उतरली तर जवळपास १७ लिटर सम्पमध्ये येतात, आणि रिटर्न पाइपचं (सम्पमधून पंपाने पाणी वर आणणाऱ्या पाइपचं) तोंड खोल असेल तर त्याहून बरंच जास्त. त्यासाठी रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या अगदी खाली ३-४ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तिथे हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. सगळं पाणी उतरल्यावर सम्पची पातळी काठाच्या तीन-चार बोटं खाली राहिली पाहिजे. मग पंप पुन्हा लावा, पाणी स्थिर झालं की सम्पवर टेपची पट्टी चिकटवा आणि रोजची भर त्या पट्टीच्या वर जाऊ देऊ नका.